जुनी कट्यार दाखवायची असेल तर दांडिया बाजार (4 स्टार)

वडोदऱ्यात कोणाकडे जुनं हत्यार पडून असेल आणि ते नक्की किती जुनं ते कळत नसेल, तर दांडिया बाजारात जुन्या वस्तूंचं एक बोळातलं दुकान आहे, बोर्ड-बिर्ड काही नाही, तिथल्या काकांना दाखवाच.

आमच्याकडे पणजोबांपासूनची कट्यार, घरात सगळे ठासून सांगणार पानिपतावरची आहे, म्हणजे थेट 1761. काकांनी कट्यार बाजूला सारली आणि आधी म्यान हातात घेतलं! मखमलीची शिवण जिथे जरा उसवली होती तिथला दुमडलेला भाग भिंगाखाली धरला, बाहेरून विटकी दिसणारी मखमल आत अगदी भडक जांभळी. म्हणाले हा केमिकलचा रंग, असला पहिला रंग 1856 मध्ये लंडनला पर्किन नावाच्या अठरा वर्षांच्या पोरानं काढला, त्यामुळे ही मखमल त्याच्या नंतरचीच. पण म्हणून कट्यारही तेव्हाचीच असं नाही हं, लाकूड किडतं, मखमलीला कसर लागते, म्यान लोक बदलतच राहायचे. नुसत्या म्यानावरून कट्यारीचं वय सांगणारा भेटला तर उठून यायचं, हे त्यांचंच वाक्य.

मग मूठ. सोनं जिथे झिजलंय तिथे खाली बारीक उभ्याआडव्या रेघा दिसतात, मला पण दाखवल्या. लोखंड खरवडून त्यावर सोन्याची तार ठोकून बसवतात, कोफ्तगिरी म्हणतात त्याला, खोल कोरून भरलेलं काम वेगळं आणि जास्त मेहनतीचं. एकोणिसाव्या शतकात पंजाबात सियालकोट आणि गुजरात इथे हे काम जोरात होतं (हे गुजरात म्हणजे तिकडचं गाव, आता पाकिस्तानात, आपलं नव्हे). आमची तिकडचीच असं मात्र काका छातीठोक म्हणाले नाहीत, कारागीर फिरायचे म्हणे, आणि मला तेच जास्त पटलं. पात्यावर जौहर आहे, म्हणजे पोलादातच उमटलेली लहरींसारखी नक्षी, हल्ली साध्या पोलादावर ॲसिडनं तशी नक्षी काढून विकतात पण ती छापल्यासारखी एकसारखी दिसते, आमची टोकाकडे बदलत जाते. टोक मुद्दाम जाड ठेवलेलं, कड्यांचं चिलखत फोडायला. थोडक्यात पातं जुनं असू शकतं, जुनी पाती नव्या मुठीत बसवायचेच, पण मूठ एकोणिसाव्या शतकातली आणि म्यानाची मखमल त्याच्याही उत्तरार्धातली किंवा नंतरची. पानिपत गेलं, आजीला अजून सांगितलेलं नाही.

एक स्टार कापला कारण लिहून काही देत नाहीत आणि किंमत विचारली की विषय बदलतात. ब्रासो लावलात तर बोलणी खाल, आम्ही खाल्ली. आणि अमेरिकेतल्या भावाला पाठवायचा बेत असेल तर विसरा, 100 वर्षांवरची वस्तू 1972 च्या कायद्यानं पुरावस्तू धरतात, खाजगी माणसाला बाहेर पाठवता येत नाही.

दुपारी बंद असतं, सकाळी जा, गाडी सूरसागरकडे लावून चालत या.