रेक्याविकचा लॉयगारदाल्सलॉयग: तलाव झकास, कसोटी शॉवरमध्ये

आइसलँडच्या सहलीत ब्लू लगून हे गरम पाण्यात डुंबण्याचं प्रसिद्ध ठिकाण बहुतेकांचं ठरलेलंच असतं. पण तिथल्या मोठ्या माणसाच्या एका तिकिटात राजधानी रेक्याविकच्या महापालिकेच्या लॉयगारदाल्सलॉयग या पोहण्याच्या तलावावर कितीतरी वेळा डुंबून होतं. शिवाय ब्लू लगूनमध्ये दोन वर्षांखालच्या बाळाला प्रवेश नाही. मुलं बरोबर असतील तर इथेच या.

हा शहरातला सर्वांत मोठा तलाव. 50 मीटरचे दोन टँक आहेत, एक उघड्यावर, एक छताखाली. छताखालचा बराच वेळ सराव आणि स्पर्धांत अडकलेला असतो, त्याच्या भरवशावर जाऊ नका. उघड्यावरच्या टँकचं पाणी साधारण 28-29 अंशांचं, कारण ते जमिनीखालच्या उष्णतेवर तापतं. मुलांसाठी उथळ टँक, मोठी घसरगुंडी, बाजूला गरम पाण्याचे हौद, वाफेची खोली आणि एक खाऱ्या पाण्याचा हौदही.

आपल्या लोकांची गाडी अडते ती शॉवरमध्ये. पाण्यात उतरण्याआधी कॉस्च्युम न घालता, साबण लावून अंघोळ करणं सक्तीचं आहे, आणि शॉवर सामायिक असतात (बायकांचे आणि पुरुषांचे अर्थातच वेगळे). डोकं, काखा, जांघा, पावलं कुठे घासायची याची चित्रं भिंतीवर लावलेली असतात. कॉस्च्युमवरूनच पाणी ओतून घेतलं तर कर्मचारी परत पाठवतात. हा नुसता सोवळेपणा नव्हे. घाम आणि लघवी क्लोरिनशी मिसळली की डोळे चुरचुरवणारी, वास मारणारी संयुगं तयार होतात. माणसं स्वच्छ होऊन उतरतात, म्हणून इथे क्लोरिन कमी लागतं. मुलांना हे हॉटेलवरच सांगून ठेवा. फारच संकोच वाटत असेल तर वेगळी खोली मिळेल का, ते तिकिटाच्या खिडकीवर विचारा.

क्रम असा: बूट कपडे बदलण्याच्या खोलीबाहेर काढायचे, कपडे लॉकरमध्ये, टॉवेल शॉवरजवळच्या मांडणीवर, मग अंघोळ, मग कॉस्च्युम. टॉवेल बाहेर नेऊ नका, पावसावाऱ्यात भिजून निरुपयोगी होतो. परतताना लॉकरकडे येण्याआधी अंग पूर्ण कोरडं करायचं. ओल्या पायांनी लॉकरच्या खोलीत फिरणाऱ्याकडे स्थानिक मंडळी ज्या नजरेने बघतात, ती चुकवलेलीच बरी. आतमध्ये फोन आणि कॅमेऱ्याला सक्त मनाई आहे. चांदीचे पैंजण, अंगठ्या आधीच काढून ठेवा. गरम पाण्यात गंधक असतं, चांदी काळी पडते.

हौदांचं तापमान बाजूला लिहिलेलं असतं, साधारण 38 ते 44 अंश. मुलांना 38 च्याच हौदात बसवा. 42 च्या वर मोठ्यांनीही पाच-दहा मिनिटांत बाहेर यावं. चूक हमखास इथेच होते: बाहेर थंडी म्हणून लोक बसून राहतात, घाम पाण्यात कळत नाही, आणि उठताना चक्कर येते. मधून मधून पाणी प्या. नळाचं थंड पाणी पिण्यायोग्य, बाटली विकत घेण्याची गरजच नाही.

दहा वर्षांखालच्या मुलांबरोबर किमान पंधरा वर्षांचं कुणीतरी हवं. पोहता न येणाऱ्यांना दंडाचे फुगे घाला. इथली मुलं सराईतपणे पोहताना दिसतील, पण 1940 पासून शाळेत पोहणं सक्तीचं आहे, त्यांच्याशी आपल्या मुलांची बरोबरी नको.

एकेका तिकिटापेक्षा दहा खेपांचं कार्ड बरंच स्वस्त पडतं. रेक्याविक सिटी कार्ड (पर्यटकांचा पास) असेल तर प्रवेश त्यातच आला. टॉवेल आणि कॉस्च्युम भाड्याने मिळतात, पण स्वतःचे न्या. संध्याकाळी ऑफिसं सुटली की हौद भरतात, लहान मुलांसाठी दुपारी लवकरची वेळ बरी. अतिथंडीत शहराला गरम पाणी कमी पडलं तर तलावांचा पुरवठा आधी तोडतात, तेव्हा जानेवारीत निघण्याआधी महापालिकेच्या संकेतस्थळावर पाहून घ्या.

बाहेर हॉटडॉगची गाडी असते आणि पोहून निघालेली मुलं तिकडेच ओढतात. तिथल्या सॉसेजमध्ये मेंढीच्या मांसाबरोबर सहसा डुकराचं आणि गाईचंही असतं. घरात हे चालत नसेल तर पिशवीत थेपले किंवा सँडविच असू द्या.