स्टेज वन १.५ टीएसआय: इंजिनाआधी क्लच हात टेकतो

गाडी रीमॅप केल्यापासून, म्हणजे इंजिनाचं सॉफ्टवेअर बदलून ताकद वाढवून घेतल्यापासून, भेटेल तो विचारतो, "किती बीएचपी झाली?" टॉर्क, म्हणजे इंजिनाचा पिळ, किती वाढला आणि तो कुठल्या आरपीएमला येतो, हे मात्र कुणी विचारत नाही. मूळ क्लच, गिअरबॉक्स नि पिस्टन टिकणार की नाही, ते ठरतं या दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरावर.

गाडी स्कोडा स्लाव्हिया, १.५ टीएसआय, सहा गिअरची मॅन्युअल. कंपनीकडून येते तेव्हा ताकद १५० पीएस (बीएचपीसारखंच माप) आणि टॉर्क २५० एनएम. पावसाळ्याच्या तोंडावर स्टेज वन करून घेतला, म्हणजे सुटे भाग सगळे मूळचेच, बदलली ती फक्त ईसीयूतली, म्हणजे इंजिनाच्या संगणकातली, फाईल. खर्च पन्नास हजारांच्या आसपास. आता उन्हाळा अर्धा सरलाय. घाट झाले, एक्सप्रेसवे झाला, हिंजवडीची रोजची रखडपट्टी तर आहेच.

पहिले काही आठवडे मजेत गेले. दोन हजार आरपीएमला पाय दाबला की पाठ सीटला चिकटायची. ओव्हरटेकला गिअर पाडायची गरजच उरली नाही. रीमॅप करणाऱ्या ट्यूनरनं दिलेल्या डायनोच्या (ताकद मोजायच्या यंत्राच्या) कागदावर ३१० एनएमचा कळस होता, आणि तो बरोब्बर २००० आरपीएमला. कागद दिसायला झकास.

मग मुंबईहून परतताना बोरघाटाच्या चढाला, गाडीत चौघं आणि डिकी भरलेली असताना, ट्रकमागून बाहेर पडायला पाचव्यातच पाय दाबला. आरपीएम २२०० वरून झरकन २८०० ला गेले आणि वेग होता तिथंच राहिला. पाय उचलला, आरपीएम खाली आले. पुन्हा दाबला, पुन्हा तेच. लोणावळ्याला चहाला थांबलो तेव्हा बॉनेटजवळ तो ओळखीचा करपट वास. क्लच घसरत होता. गंमत म्हणजे दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये, साडेपाच हजारापर्यंत ताणली तरी काही नाही. घसरायचा तो फक्त वरच्या गिअरला, कमी आरपीएमवर.

यात गूढ काही नाही, साधं गणित आहे. पीएस म्हणजे एनएम गुणिले आरपीएम, भागिले साधारण ७०२४. त्यामुळे २००० आरपीएमला ३१० एनएम म्हणजे जेमतेम ८८ पीएस. तेच ५५०० ला २४० एनएम काढले तर १८८ पीएस होतात. क्लचला पीएस कळत नाहीत, त्याला फक्त पिळ कळतो. ८८ पीएस काढताना त्याची दमछाक होते आणि १८८ ला तो निवांत असतो. खालच्या गिअरमध्ये तो वाचतो, कारण गाडी पटकन वेग घेते आणि आरपीएम त्या कळसावरून भर्रकन पुढे निघून जातात. शिवाय पहिल्या-दुसऱ्यात पुढची चाकंच घसरून भार सोडून देतात. वरच्या गिअरमध्ये, चढाला, चाकं घसरत नाहीत, मग क्लच फ्यूजसारखा आधी जातो. म्हणूनच चिकट, रुंद टायर टाकण्याआधी जरा विचार करावा. टायरनं पकड सोडली नाही की तोच झटका ड्राइव्हशाफ्टला आणि गिअरच्या दातांना बसतो.

ट्यूनरनं आधी "क्लच किट बदला" असं सुचवलं. मी म्हटलं, आधी फाईल बदला. थोडी घासाघीस झाली, पण दिली बदलून. आता २५०० पर्यंत टॉर्क २७० च्या आत बांधलेला, ३००० ते ४००० दरम्यान २९०, आणि वर १८० पीएसच्या आसपास. मूळ गाडी ५५०० ला साधारण १९० एनएमवर आलेली असते, आता तिथं २३० मिळतात. पाठीला बसणारा तो पहिला धक्का गेला, गाडी आता वरवर चढत जाते. मला हेच जास्त आवडलं. त्यानंतर त्याच घाटात, तेवढ्याच ओझ्यानं, क्लच एकदाही घसरलेला नाही.

मेव्हण्याकडे याच इंजिनाची फोक्सवॅगन व्हर्टस आहे, डीएसजीवाली, म्हणजे दोन क्लचच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सची. त्यालाही हुक्की आली होती, मी अडवलं. ती सात गिअरची डीएसजी म्हणजे डीक्यू२००. तिच्यात कोरडे जुळे क्लच आहेत आणि तिची कारखान्यानं ठरवलेली मर्यादा २५० एनएम. म्हणजे १.५ टीएसआय मूळ अवस्थेतच त्या रेषेवर उभी आहे. हे पटत नसेल तर जुनी ऑक्टाव्हिया १.८ टीएसआय बघा. १८० पीएस असूनही टॉर्क २५० एनएमच, तोही १२५० पासून ५००० पर्यंत सपाट. सुरीनं कापल्यासारखा तो आलेख गिअरबॉक्ससाठी होता. हेच १.८ इंजिन ऑडी ए३ क्वाट्रोमध्ये तेलात बुडालेल्या क्लचच्या सहा गिअरवाल्या डीक्यू२५० ला जोडलं, तेव्हा कंपनीनंच २८० एनएम दिले. ऑक्टाव्हिया आरएस२३० चे ३५० एनएमही याच डीक्यू२५० वर. डीक्यू२०० वर लोक ३०० एनएम चालवतात, गिअरबॉक्सचं सॉफ्टवेअर बदलून क्लचचा दाब वाढवतात, हे मला माहीत आहे. पण बंपर-टू-बंपर ट्रॅफिकमध्ये कोरड्या क्लचची उष्णता न्यायला तेल नसतं, आणि मेव्हण्याचं ऑफिस खराडीला आहे.

आता इंजिनाकडे. "टीएसआयचं इंजिन कितीही घेतं" असं छातीठोक सांगणारे भेटतात. ते सुप्राच्या २जेझेडचे व्हिडिओ बघून बोलत असतात. ते तीन लिटरचं, सहा सिलिंडरचं, बिडाच्या ब्लॉकचं इंजिन. त्याचं कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये मिश्रण किती पट दाबलं जातं ते) ८.५, आणि मूळ अंतर्भागावर दुप्पट ताकद खपवून घेतल्याची त्याची ख्याती खरीच आहे. आपलं दीड लिटरचं, ॲल्युमिनियम ब्लॉकचं, कॉम्प्रेशन १०.५. सिलिंडरला बिडाचे लायनरसुद्धा नाहीत, प्लाझ्मानं फवारलेला पातळ थर आहे. वजन नि इंधन वाचवायला केलेली उत्तम रचना आहे ती, पण तिची सुप्राशी तुलना करण्यात अर्थ नाही.

आणि इथंही धोका कमी आरपीएमलाच. वरच्या गिअरमध्ये १५०० ते २००० ला पूर्ण पाय दिला की थेट इंजेक्शनच्या छोट्या टर्बो इंजिनात ठिणगीआधीच मिश्रण पेटण्याची भीती असते. याला एलएसपीआय म्हणतात. नेहमीच्या नॉकला (ठिणगीनंतर मिश्रण भलतीकडे भडकण्याला) ईसीयू इग्निशन मागे घेऊन, म्हणजे ठिणगी उशिरा देऊन, आवर घालतो. हे मात्र ठिणगीआधीच घडत असल्यामुळे इग्निशन मागे घेऊन उपयोग होत नाही. एका फटक्यात पिस्टनच्या रिंगांमधली कड तुटू शकते, रॉड वाकू शकतो. तेलातल्या कॅल्शियमच्या ॲडिटिव्हमुळे हे वाढतं, असं आढळल्यावर २०२० च्या एपीआय एसपी या इंजिन ऑइलच्या दर्जात त्याची चाचणी घालण्यात आली. तेव्हा कंपनीनं सांगितलेल्या प्रतीचं आणि एसपी दर्जाचं तेल, आणि १५,००० किलोमीटरऐवजी ७,५०० ला बदल. यात मी कंजुषी करत नाही.

पेट्रोल ९५ ऑक्टेनचं. ट्यूनरची फाईल त्यावरच बेतलेली आहे. १०० ऑक्टेनचं एक्सपी१०० एकदा भरून पाहिलं. लिटरला दीडशेच्या पुढे मोजून लॉगमध्ये (ईसीयूच्या नोंदींत) इग्निशन थोडं कमी मागे आलं, गाडीत बसून फरक कळला नाही. उन्हानं मात्र कळतो. एप्रिलच्या दुपारी, सलग तीन-चार वेळा पूर्ण पाय दिला की इनटेकचं तापमान चढतं, ईसीयू हात आखडता घेतो आणि पावसाळ्यातली ती गाडी ही नव्हेच असं वाटतं. पाण्यानं थंड होणारा इंटरकूलर छोट्या धावेला छान. पाणी एकदा तापलं की निवायला वेळ घेतो. ओबीडीइलेव्हन (ईसीयूचे आकडे फोनवर दाखवणारं छोटं यंत्र) घेऊन हे स्वतः लॉग करून बघा, डायनोच्या कागदापेक्षा ते जास्त बोलतं.

मायलेज शांतपणे चालवली तर पूर्वीइतकंच. दोन सिलिंडर बंद करणारी यंत्रणा अजून चालते. वॉरंटीचं म्हणाल तर इंजिन नि गिअरबॉक्सपुरती ती गेली असं धरूनच हे करावं. फोक्सवॅगन गटाच्या संगणकात अशा गाडीवर टीडी१ अशी खूण बसते आणि मूळ फाईल परत टाकली तरी ती पुसली जात नाही. विम्याचे कागदही आधी नीट वाचा.

स्टेज टूचा आग्रह ट्यूनर अजून करतो. त्यासाठी डाउनपाइप (टर्बोनंतरचा धुराचा पाइप) बदलायचा, म्हणजे कॅटलिटिक कन्व्हर्टरला हात घालायचा, मग पीयूसीच्या वेळी तोंड लपवायचं. शिवाय तेव्हा दणकट क्लच घालावाच लागेल, आणि दणकट क्लचचं पेडल हिंजवडीच्या सिग्नलांना गुडघा मागतं. क्लच किटचं कोटेशन आणून ठेवलंय. सध्याची प्लेट संपेल तेव्हा गिअरबॉक्स उतरवावाच लागणार, तेव्हा बघू. तोवर २७० ची ही बांधलेली फाईल बदलायची नाही.