उरलेले औषध: सिंक, पिवळी पिशवी की औषध भांडारात परत?

रात्रपाळी संपत आलेली असते. बालरुग्ण विभागात दहा किलो वजनाच्या मुलाला तापासाठी शिरेतून पॅरासिटामॉल दिलेले असते. किलोमागे 15 मिलिग्रॅम या हिशेबाने 100 मिलिलिटरच्या बाटलीतले 15 मिलिलिटर वापरले गेले आणि 85 मिलिलिटर उरले. ट्रॉलीवर सेफ्ट्रिॲक्सोन या प्रतिजैविकाची अर्धी व्हायल, म्हणजे इंजेक्शनची छोटी बाटली, पडून आहे, कपाटात काल घरी गेलेल्या रुग्णाच्या नावाने मागवलेल्या चार न फोडलेल्या ॲम्प्यूल (औषधाच्या बंद काचेच्या कुप्या) आहेत आणि पुढच्या पाळीची सिस्टर चार्ज घ्यायला उभी आहे. या तिन्हींचे काय करायचे हे परिचारिकेलाच ठरवावे लागते, तेही मिनिटभरात. त्यामुळे हा निर्णय त्या मिनिटावर न सोपवता इन्चार्ज सिस्टरने आधीच लिहून वॉर्डात लावलेला असावा. तो लिहिताना कोणता मार्ग कशासाठी निवडावा, याची ही तुलना आहे.

सर्वांत सोपा मार्ग म्हणजे सिंक. नळ सोडला की काम झाले, नोंद नको, वजन नको. परंतु सांडपाणी शुद्धीकरण केंद्रे मुख्यतः मैला व सेंद्रिय घाण काढण्यासाठी बांधलेली असतात, औषधाचे रेणू पकडण्यासाठी नव्हे. आकडीवर दिले जाणारे कार्बामाझेपिन तर अशा केंद्रांतून जवळजवळ जसेच्या तसे बाहेर पडते. प्रतिजैविकांचा धोका याहून मोठा आहे, कारण पाण्यातले जिवाणू त्यांना सरावतात आणि तेच प्रतिरोधक जिवाणू पुढे रुग्णाच्या जखमेत आपल्यासमोर येतात. हैदराबादजवळच्या पटानचेरू येथे औषध कारखान्यांचे सांडपाणी शुद्ध करणाऱ्या केंद्रातून बाहेर पडणाऱ्या पाण्यात सिप्रोफ्लॉक्सासिन या प्रतिजैविकाचे प्रमाण लिटरमागे 31 मिलिग्रॅमपर्यंत असल्याचे 2007 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळले होते. ते कारखान्यांचे पाणी होते आणि एका वॉर्डाच्या सिंकची त्याच्याशी बरोबरी होत नाही, हे मान्य करायलाच हवे. मात्र शुद्धीकरण केंद्र औषध अडवते या आपल्या समजुतीला तिथे उत्तर मिळते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनात साधे सलाईन, ग्लुकोज, अमिनो आम्ले, जीवनसत्त्वे असे सौम्य द्रव थोड्या प्रमाणात पाण्यासोबत गटारात सोडण्यास मुभा आहे. माझ्या मते वॉर्डाच्या नियमात ही यादी आणखी आखूड ठेवून ‘औषध न मिसळलेले सलाईन व ग्लुकोज, बाकी काही नाही’ एवढेच लिहावे, कारण यादी लांबली की तिच्यात आज पॅरासिटामॉल शिरते आणि उद्या जेंटामायसिनसारखे प्रतिजैविक.

दुसरा मार्ग औषध भांडारात परत करण्याचा. पर्यावरणाच्या दृष्टीने याला तोड नाही, कारण औषध दुसऱ्या रुग्णाला मिळते आणि जाळायला काही उरतच नाही. पण तो फक्त न उघडलेल्या मालासाठी आहे. वेष्टन शाबूत हवे, बॅच क्रमांक व मुदत वाचता आली पाहिजे आणि औषध त्याच्या ठरलेल्या तापमानातच राहिलेले असले पाहिजे. ऑक्सिटोसिनची ॲम्प्यूल फ्रीजबाहेर ट्रॉलीवर रात्रभर राहिली असेल, तर काच न फुटताही ती परतीच्या लायकीची राहत नाही. वर सांगितलेल्या चार ॲम्प्यूल मात्र त्याच सकाळी परतीच्या चिठ्ठीसह खाली जायला हव्यात. त्या ‘असू देत, लागतील’ म्हणून कपाटात मागे सरकतात आणि मुदत संपल्यावरच सापडतात, हा अनुभव कोणत्याही वॉर्डाला नवा नाही. दर महिन्याच्या ठरलेल्या तारखेला कपाट काढून ज्या औषधांची मुदत तीन महिन्यांत संपणार आहे ती वेगळी करण्याची सवय लागली, तर पुढच्या दोन्ही मार्गांवरचा भार लक्षणीयरीत्या हलका होतो.

मुदत संपलेला माल पुरवठादारामार्फत उत्पादकाकडे परत पाठवणेही नियमांना मान्य आहे. इथे माझे मत थोडे सावध आहे. परत गेलेला माल पुढे नेमका कुठे नष्ट झाला, हे वॉर्डाला दिसत नाही. पुरवठादार लेखी पोच देत असेल तर हा मार्ग चांगला, अन्यथा मुदतबाह्य माल जाळण्याच्या कचऱ्यासाठीच्या पिवळ्या पिशवीत टाकणे अधिक खात्रीचे.

ही पिवळी पिशवी हाच तिसरा मार्ग. जैववैद्यकीय कचरा व्यवस्थापन नियम, 2016 प्रमाणे मुदतबाह्य व टाकून दिलेली औषधे पिवळ्या गटात येतात, पिशवीवर बारकोड असतो, प्रक्रिया न केलेला कचरा 48 तासांपेक्षा जास्त ठेवता येत नाही आणि तो सामाईक प्रक्रिया केंद्रात जाळला जातो. भट्टीच्या दुसऱ्या कक्षात 1050 अंश सेल्सिअसच्या आसपास तापमान व दोन सेकंदांचा अवधी बंधनकारक आहे. उघडलेल्या, अर्धवट वापरलेल्या प्रत्येक औषधासाठी हाच मार्ग योग्य ठरतो. अडचण द्रवाची आहे: पिशवी गळते, कचरा उचलणाऱ्या मावशींच्या हातावर औषध येते, आणि म्हणूनच पुष्कळदा व्हायल आधी सिंकमध्ये रिकामी करून मग टाकली जाते, ज्यामुळे सगळा हेतूच वाया जातो. नियमांत पिशवीसोबत पिवळ्या डब्यालाही परवानगी आहे. झाकणाचा, न गळणारा छोटा पिवळा डबा ट्रॉलीच्या खालच्या कप्प्यात ठेवला, तर औषध उरलेली व्हायल तशीच त्यात जाते. सिरिंजमध्ये उरलेले औषध कापसात किंवा गॉजमध्ये शोषून तो बोळा तिथेच टाकता येतो. सुई पांढऱ्या डब्यात, सुईविना सिरिंज लाल पिशवीत आणि पूर्ण रिकामी काचेची व्हायल निळ्या डब्यात, हे नेहमीचेच.

पिवळी पिशवी सुरक्षित आहे म्हणून ती भरत सुटावे, असे मात्र नाही. जाळणे म्हणजे धूर आणि राख, आणि ते कुणाच्या तरी घराजवळ होते. मुंबईत गोवंडीच्या रहिवाशांनी तिथल्या जैववैद्यकीय कचऱ्याच्या भट्टीविरुद्ध वर्षानुवर्षे तक्रारी केल्या आणि प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले. सलाईनचे सेट चुकून पिवळ्या पिशवीत गेले, तर त्यांतल्या क्लोरीनयुक्त प्लास्टिकमुळे डायॉक्सिनसारखी विषारी द्रव्ये तयार होऊ शकतात. म्हणून परत जाऊ शकणारी ॲम्प्यूल पिवळ्या डब्यात टाकणे हाही दोषच समजावा.

कर्करोगाच्या पेशीनाशक औषधांना या तुलनेत निवडीला वावच नाही. त्यांच्या रिकाम्या व्हायलसुद्धा निळ्या डब्यात जात नाहीत. औषध, व्हायल आणि त्याचा स्पर्श झालेली प्रत्येक वस्तू पेशीनाशकाच्या चिन्हासह वेगळ्या पिवळ्या पिशवीत जाते आणि तिला 1200 अंशांहून अधिक तापमान लागते. आपल्या केंद्रात तेवढ्या तापमानाची सोय आहे का, हे करार करतानाच लेखी विचारून घ्यावे.

खरा पेच गुंगीच्या व अमली वेदनाशामकांचा आहे. फेंटानिलच्या दोन मिलिलिटरच्या ॲम्प्यूलमध्ये 100 मायक्रोग्रॅम असतात, त्यांतले 25 दिले, 75 उरले. साक्षीदारासमोर सिंकमध्ये सोडण्याची पद्धत अनेक ठिकाणी रूढ आहे आणि तिच्यामागे गैरवापराची रास्त भीती आहे. केंद्रीय औषध मानक नियंत्रण संघटनेने 2025 मध्ये काढलेल्या मार्गदर्शनातही फेंटानिल, मॉर्फिन, ट्रॅमाडॉल, डायझेपामसह 17 औषधे शौचालयात सोडण्याच्या यादीत आहेत. हा सल्ला घरासाठी पटतो, कारण मुलाच्या हाती लागलेली एक पट्टीदेखील जिवावर बेतू शकते आणि त्यापुढे पाण्यात जाणारी मात्रा क्षुल्लक ठरते. वॉर्डात मात्र कुलूप आहे, नोंदवही आहे, दुसरी सिस्टर हजर आहे. तेव्हा उरलेले औषध दोघींसमोर गॉजमध्ये शोषवून, तो बोळा परत वापरता येणार नाही अशा रीतीने बंद डब्यात टाकून, दोन्ही सह्या त्याच क्षणी करणे मला अधिक योग्य वाटते. भूलतज्ज्ञ आणि प्रशासनाची संमती घेऊनच हा बदल करावा, कारण नोंदींची कायदेशीर जबाबदारी संस्थेची असते.

रुग्णालयाबाहेर पाऊल टाकले की यांतले बरेचसे मार्ग बंद होतात. घरातल्या मुदतबाह्य औषधांना 2016 च्या घनकचरा नियमांनी घरगुती घातक कचरा म्हटले होते, पण तो वेगळा घेणारी गाडी फार थोड्या गल्ल्यांत येते. केरळने जुनी औषधे घरोघरून गोळा करण्याचा उपक्रम हाती घेतला आहे. आपल्याकडे तशी सोय नसेल तिथे डिस्चार्ज देतानाच सिस्टरने उरणाऱ्या गोळ्यांविषयी बोलणे हाच उपाय उरतो.

आणि घरी जाऊन वेदनाशमन सेवा देणाऱ्या सिस्टरसाठी तर 17 औषधांची यादीही सरळपणे लागू पडत नाही. समजा, रुग्ण गेल्यावर आठवडाभराने तुम्ही गावातल्या घरी भेटीला गेलात आणि सुनेने देवघराच्या फळीवरून मॉर्फिनच्या उरलेल्या गोळ्यांची पट्टी काढून पुढे केली. शौचालय शोषखड्ड्याचे आहे आणि वीस पावलांवर विहीर. तिथे गोळ्या खड्ड्यात सोडू नयेत, आणि नोंदीविना स्वतःच्या पर्समध्येही टाकू नयेत. घरच्यांसमोर मोजाव्यात, आकडा भेटीच्या कागदावर लिहून त्यांची सही घ्यावी, पाकीट बंद करून ज्या केंद्राने त्या दिल्या त्या केंद्राला तिथूनच फोन करावा आणि त्याच दिवशी नोंदवहीत जमा कराव्यात.