सहा महिने रेनबो ट्राउटच्या मागे: फिरकी, चमचा आणि मोजणं

दांडिया बाजारातल्या आमच्या कट्ट्यावर निम्म्यांची मुलं कॅनडात आहेत. तिकडे निघालेल्या प्रत्येकाला मी हल्ली विचारतो, "गळ टाकता का?" कारण मे ते ऑक्टोबर मी मुलाकडे कॅमलूप्सला होतो आणि आठवड्यातल्या तीन-चार सकाळी तळ्यावर जात होतो. बडोद्याच्या आसपास कणकेचा गोळा लावून रोहू-कटल्याची वाट पाहण्यात माझी पंचवीस-तीस वर्षं गेली. रेनबो ट्राउट आपल्या पाण्यात तगणार नाही. त्याला १० ते १६ अंशांचं पाणी मानवतं, २० च्या वर गेलं की तो कासावीस होतो. हे आकडे लक्षात ठेवा, पुढचं सगळं त्यांच्यावरच उभं आहे.

जाऊन पहिल्याच आठवड्यात परवाना काढला आणि माशाला भुलवणाऱ्या, गळ लावलेल्या दोन धातूच्या वस्तू घेतल्या: मेप्स कंपनीची १ नंबरची सोनेरी फिरकी, जिचं पातं ओढताना गरगर फिरतं, आणि कास्टमास्टर नावाचा ७ ग्रॅमचा रुपेरी चमचा, म्हणजे डुलत बुडणारा धातूचा तुकडा. तंगूस ६ पौंडांचा ताण सोसणारा.

मे महिना फिरकीचा. पठारावरच्या लाक ले ज्यून तळ्यावरचा बर्फ नुकताच उतरला होता. काठाचं उथळ पाणी आधी ऊबदार होतं, किडे तिथेच हलू लागतात, मासेही तिथेच येतात. फिरकी टाकायची, पातं फिरतंय एवढं हाताला कळेल इतकंच सावकाश ओढायचं. जोरात ओढली की ती वर येते आणि मासा नुसता मागे येऊन परततो, हे मी स्वच्छ पाण्यात डोळ्यांनी पाहिलंय. फिरकीचा त्रास एकच, तंगूस पिळून निघतो. हातभर अंतरावर छोटा स्विव्हल, म्हणजे स्वतःभोवती फिरणारी कडी, बांधला तेव्हा निम्मा त्रास गेला.

जुलैत ही फिरकी एकाएकी रिकामी येऊ लागली. मी रंग बदलले, आकार बदलले, दुकानात जाऊन आणखी चार आणल्या. पंधरा दिवस असेच गेले. चूक रंगाची नव्हतीच. उन्हाळ्यात तळ्याचं पाणी थरांत विभागतं: वर कोमट, खाली गार. ट्राउट कोमट थराखाली उतरतो, आणि माझी हलकी फिरकी त्याच्या डोक्यावरून जात होती.

इथे चमच्याने मला शिकवलं. लाकडी धक्क्यावरून चमचा सरळ खाली सोडला, तंगसावर फुटाफुटाला खूण केली होती, आणि नातवाला मोजायला लावलं. तो घरात इंग्रजी बोलतो, पण आकडे माझ्याबरोबर मराठीत म्हणायचा. एक, दोन, तीन... सेकंदाला साधारण एक फूट. मग नेम ठरला: टाकायचा, दहा मोजून ओढायचं. नाही लागला तर पंधरा, मग वीस. ज्या आकड्याला पहिला झटका बसेल, त्या सकाळी तोच आकडा धरायचा. ऑगस्टमध्ये आम्हाला बहुतेक मासे अठरा ते बाविसात लागले. "आजोबा, एकोणीस!" ही हाक अजून कानात आहे.

ओढण्याची पद्धतही लिहितो, कारण चमचा नुसता ओढला तर अर्धं काम होतं. तीन वळसे रीळ फिरवायचं, थांबायचं, चमचा डुलत खाली जाऊ द्यायचा. झटका बहुतेक वेळा त्या थांबण्यातच येतो, म्हणून तंगूस ढिला पडता कामा नये. उन्हात रुपेरी आणि ढगाळ दिवशी सोनेरी असं तिकडचे लोक सांगतात. मला फरक जाणवला, पण खोलीपुढे तो फारच थोडा.

पॉवरबेट या तयार मऊ आमिषाचा तरंगणारा गोळाही महिनाभर वापरला. सरकतं शिसं तळाशी, त्यापुढे दीड-दोन फूट तंगूस, गोळा तळापासून वर तरंगतो. कणकेच्या सवयीमुळे हात लगेच बसला आणि मासेही भरपूर लागले. तरी मी तो थांबवला. ट्राउट आमिष खोल गिळतो. सोडलेला एक मासा उलटा होऊन तरंगताना पाहिला आणि मला फार वाईट वाटलं. आमिषाचा मासा खायचा असेल तरच धरा आणि मर्यादेएवढे झाले की काठी आवरा.

तीन तोंडांचे गळ काढून मी एकेरी लावले, गळाच्या टोकाजवळचा उलटा काटा पकडीने दाबून टाकला. मासे सुटतात, हे खरं. माझा पाचातला एक तरी सुटला असेल. पण सोडताना मासा पाण्याबाहेर काढावा लागत नाही. नियम प्रत्येक तळ्याचे वेगळे आहेत, कुठे फक्त बिनकाट्याचा एकेरी गळ चालतो, कुठे आमिषाला बंदी आहे. नियमपुस्तिका आधी वाचा. आणि वरचं पाणी विसाच्या पुढे गेलं असेल तर सोडण्यासाठी मासा धरूच नका. गार पाण्यातून ओढून आणलेला दमलेला मासा कोमट पाण्यात सावरत नाही.

सप्टेंबरअखेर वरचं पाणी गार होऊन जड झालं, थर मोडले, सगळं तळं ढवळून निघालं. पाच-सहा दिवस पाणी गढूळ आणि वासाचं, एकही झटका नाही. त्यानंतर मासे काठाला आले आणि मेमधली तीच सोनेरी फिरकी पुन्हा चालली.

जाणाऱ्यांनी इथून काही नेऊ नका, सगळं तिथेच मिळतं. सराव मात्र करून जा. मी आता रोज सकाळी मैदानावर गळ काढलेला चमचा फेकतो, तीस पावलांवर ठेवलेल्या टोपलीत. परवा दहात सात पडले.