हाडांचं वय: ग्रॉइलिख-पाइल की टॅनर-व्हाइटहाउस?

हाडं किती पक्व झाली आहेत यावरून काढलेलं मुलाचं वय म्हणजे हाडांचं वय; ते काढायच्या या दोन पद्धती. दोन्हींना एक्स-रे एकच लागतो: डावा पंजा मनगटासकट, तळवा खाली टेकलेला, बोटं सरळ आणि किंचित फाकलेली. बोट वाकलं की पेराचं टोक वाढीच्या चकतीवर (हाड जिथून लांबतं तो कूर्चेचा थर) चढतं आणि उघडी चकती मिटल्यासारखी दिसते. अशी फिल्म वाचत बसू नये, पुन्हा काढावी.

ग्रॉइलिख-पाइलमध्ये फिल्म नमुनाचित्रांशी ताडून सर्वांत जवळचं चित्र निवडतात. दोन-चार मिनिटांत काम होतं, म्हणून गर्दीच्या ओपीडीत हीच चालते. पण हे नमुने अमेरिकेतल्या क्लीव्हलँडच्या सुखवस्तू गोऱ्या मुलांचे, 1930च्या आसपासचे. शिवाय दोन चित्रांत कधी वर्षभराचं अंतर. मनगटाची हाडं मागे आणि पेरं पुढे असतील तर भर पेरांवर द्यावा.

टॅनर-व्हाइटहाउसच्या तिसऱ्या आवृत्तीत (2001) रेडियस, अल्ना (कोपर ते मनगटाची दोन हाडं) आणि पहिल्या (अंगठा), तिसऱ्या, पाचव्या बोटांच्या रांगेतली 11 हाडं, अशी 13 हाडं एकेक करून तपासतात. हाडाच्या टोकाचा वेगळा तुकडा दांड्याइतका रुंद झाला का, त्याच्या कडा टोपीसारख्या खाली वळल्या का, यावरून प्रत्येकाला टप्पा आणि गुण. बेरजेवरून वय. वेळ बराच जास्त लागतो, पण निर्णय कशावर घेतला ते हाडागणिक दाखवता येतं.

मुलामुलींचे तक्ते वेगळे; ते उलटे लागले तर वयात येण्याच्या काळात सुमारे दोन वर्षांची चूक होते.

एकदाच शंका फेडायची असेल तर ग्रॉइलिख-पाइल पुरेशी. ग्रोथ हार्मोनचा उपचार चालू असेल तर आम्ही टॅनर-व्हाइटहाउसच घ्या म्हणू, आणि दर वेळी वाचणारा तोच ठेवा. मध्येच पद्धत बदलली तर दिसणारा फरक मुलाचा की तक्त्याचा, हे सांगता येत नाही.