पॅक्सिलिन-ईजीएफपी प्लाझ्मिड वापरून बघितलं: चमकणाऱ्या सेलच्या नादी लागू नका

आधी सहा महिने मी नुसत्या फिक्स केलेल्या (रसायनाने मारून जागच्या जागी गोठवलेल्या) सेल्सवर व्हिन्क्युलिनची, म्हणजे सेल जिथे चिकटते तिथल्या एका प्रोटीनची, अँटीबॉडी लावत बसले होते. स्लाइड दिसायच्या छान, पण तो म्हणजे लग्नातला ग्रुप फोटो, कोण आधी आलं कोण जेवून निघून गेलं काही कळत नाही. सेल डिशला कशी चिकटते आणि कशी सुटते हे चालू असताना बघायचं होतं, म्हणून अ‍ॅडजीनवरून रिक हॉरविट्झ यांच्या लॅबने ठेवलेलं पॅक्सिलिन-पीईजीएफपी हे प्लाझ्मिड (डीएनएचं छोटं वर्तुळ) मागवलं. ते सेलमध्ये घातलं की चिकटण्याच्या जागी बसणारं पॅक्सिलिन हे प्रोटीन जीएफपी या हिरव्या चमकणाऱ्या टॅगसकट बनतं.

अ‍ॅडजीन ही अमेरिकेतली ना-नफा संस्था, जगभरातल्या लॅब आपापली प्लाझ्मिडं तिथे ठेवतात आणि बाकीच्यांनी मागवायची. आधी इन्स्टिट्यूटकडून एमटीए (नमुने देण्याघेण्याचा करार) सही करून घ्यावा लागतो, त्यामुळे घाई असेल तर तो कागद पहिल्यांदा हलवा. येतं काय तर प्लाझ्मिड पोटात असलेले, अगारमध्ये टोचलेले बॅक्टेरिया, छोट्याशा ट्यूबमध्ये, ड्राय आइस वगैरे लागत नाही. आल्या दिवशीच कॅनामायसिन या अँटिबायोटिकच्या प्लेटवर स्ट्रीक करा (रेघा मारून पसरवा), एकच कॉलनी उचला, फ्रीझरमध्ये ठेवायचा ग्लिसरॉल स्टॉक बनवून ठेवा. सरळ ट्यूबमधून कल्चर लावायचा आळस करू नका.

आता माझा गाढवपणा. पहिल्या वेळी पॉलीलायसिन लावलेल्या डिशवर सेल्स टाकल्या, सीरमशिवाय, आणि तासाभराने बघते तर सगळीकडे नुसता हिरवा धूर, एक रेघ नाही. आठवडाभर प्लाझ्मिडला शिव्या घातल्या. मग मॅडम म्हणाल्या अगं पॉलीलायसिनवर सेल चार्जमुळे चिकटते, त्यात इंटिग्रिनला (सेलच्या पृष्ठभागावरचं पकडणारं प्रोटीन) कामच नाही, फोकल अ‍ॅढेजन, म्हणजे सेलचे चिकटायचे ठिपके, बनणार कुठून? इंटिग्रिन ज्याला पकडतं ते फायब्रोनेक्टिन प्रोटीन डिशला लावलं आणि दुसऱ्या दिवशी सेलच्या कडेला बारीक हिरव्या रेघा, अक्षरशः भाताच्या लोंब्यांसारख्या. टर्फ (TIRF) मायक्रोस्कोपवर तर काचेलगतचा साधारण १०० नॅनोमीटरचाच थर उजळतो, त्यामुळे वरचा धूर जवळजवळ गायब. पुढच्या कडेला नवे ठिपके येतात, काही विरून जातात, काही लांब होतात, मी चहा गार करून बघत बसले होते.

एक स्टार कापतेय तो प्लाझ्मिडमधल्या सीएमव्ही प्रमोटरसाठी (जीन चालू करणारा डीएनएचा तुकडा). तो इतकं प्रोटीन बनवतो की सगळ्यात झगझगीत सेल बघायला मस्त आणि डेटासाठी बेकार, जास्तीचं पॅक्सिलिन सायटोप्लाझममध्ये भरून राहतं आणि अ‍ॅढेजनचं वागणंही बदलू शकतं. जेमतेम दिसेल अशी मंद सेल शोधा, डोळे दुखतील पण तीच खरी. डीएनए कमी टाका. आणि वेस्टर्न ब्लॉट (प्रोटीनं वजनाप्रमाणे वेगळी करून अँटीबॉडीने ओळखायची चाचणी) कराच: ६८ केडीएच्या (किलोडाल्टन, प्रोटीनच्या वजनाचं एकक) आसपास सेलचं स्वतःचं पॅक्सिलिन, ९५ च्या आसपास आपलं टॅगवालं. जीएफपीच्या अँटीबॉडीने २७ ला बँड आला तर टॅग तुटून सुटा फिरतोय, मग त्या धुरावरून काही बोलू नका.

सोबत लाइफअ‍ॅक्ट-एमचेरी (अ‍ॅक्टिनला लाल चमकवणारा टॅग) घातलं तर अ‍ॅक्टिनच्या, म्हणजे सेलच्या सांगाड्यातल्या, तारा त्याच रेघांमध्ये येऊन रुतलेल्या दिसतात. लेझर मात्र कमी ठेवा, माझ्या दोन सेल्स प्रकाशानेच आकसून गेल्या आणि मी खुळ्यासारखी ड्रगचा इफेक्ट म्हणून लिहून ठेवलं होतं.

५ पैकी ४. आता व्हिन्क्युलिनचा टेन्शन सेन्सर (त्या प्रोटीनवर किती ताण पडतो ते दाखवणारं प्लाझ्मिड) मागवलाय, एमटीएवर सही झाली की त्याचंही लिहिते.