हरिश्चंद्रगडाला मुक्कामी जाताना गाडी कुठे ठेवावी? पाचनई, खिरेश्वर आणि बेलपाड्याच्या पार्किंगचा आढावा

सह्याद्रीच्या पायथ्याला पार्किंग म्हणजे नव्वद टक्के वेळा कुणाचं तरी अंगण किंवा भाताचं रिकामं खाचर. एक पाटी, जमलंच तर पत्र्याची शेड, आणि सकाळी पैसे घ्यायला येणारा घरातला पोरगा. सकाळी चढून संध्याकाळी उतरायचं असेल तर कुठलंही अंगण चालतं. पण शनिवारी पहाटे लावलेली गाडी रविवारी दुपारी काढायची असली की जमिनीचा उतार, मातीचा पोत, समोर उभा राहिलेला टेम्पो, सगळंच आडवं येतं. हरिश्चंद्रगडाचे तीन पायथे इथे त्याच हिशोबाने पाहिलेत. चढाई किती सुंदर आहे, हा विषय वेगळा.

निकाल आधीच सांगून टाकतो. चारचाकी असेल आणि चढलो तिथेच उतरायचं असेल तर पाचनई. कल्याण-माळशेजकडून दुचाकीवर येणाऱ्यांना खिरेश्वर सोयीचं. बेलपाड्याला गाडी ठेवणं सोपं, तिथपर्यंत परत येणं अवघड.

पाचनई: ५ पैकी ४

गाव अकोले तालुक्यात, गडाच्या ईशान्य अंगाला. इथून गडावर जायला दोन ते तीन तास पुरतात, म्हणून शनिवारची सगळी गर्दी इथेच. पुण्याहून आळेफाटा, ब्राह्मणवाडा, कोतूळ. मुंबई-नाशिककडून घोटी, राजूर. दोन्हीकडचा शेवटचा टप्पा अरुंद आणि वळणांचा आहे. समोरून मिनीबस आली तर कुणीतरी मागे घ्यावंच लागतं. टाकी आळेफाट्याला किंवा घोटीलाच भरून घ्या. काजव्यांच्या दिवसांत, म्हणजे मे अखेरीपासून जूनच्या मध्यापर्यंत, शनिवारी रात्री भंडारदऱ्याच्या बाजूने येऊ नका. त्या रस्त्यावर तेव्हा गाड्यांची रांग लागते आणि दोन वाजता पोचायचं ते चार होतात.

पार्किंग घराघरांत आहे आणि जेवणाशी जोडलेलं आहे. ज्या घरी जेवणार, त्या घरी गाडी. ही पद्धत आम्हाला आवडते, कारण पिठलं-भाकरीची ऑर्डर घेतलेला माणूस तुम्हाला चेहऱ्याने ओळखतो आणि तुम्ही उतरेपर्यंत त्याचं लक्ष असतं. रस्त्याकडेला फुकट लावलेल्या गाडीकडे पाहणारं कुणी नसतं, आणि पहाटे एसटी वळताना आरशाची काच जाते ती वेगळीच. अशा अंगणांत दुचाकीला वीस-तीसपासून आणि चारचाकीला पन्नास-शंभरापर्यंत मागतात. गर्दीच्या दिवशी आकडा वाढतो. दिवसाचा भाव आहे की रात्रीचा, हे लावतानाच विचारा, नाहीतर रविवारी दोन दिवसांचे पैसे मागितले की तोंडं वाकडी होतात. सुट्टे पैसे जवळ ठेवा. रेंज नसली की क्यूआर कोडची पाटी नुसती शोभेची.

वनखात्याच्या नाक्यावर पावती फाडतात तिचा पार्किंगशी संबंध नाही. गड कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो, ती पावती प्रवेशाची. वर मुक्काम करायचा असेल तर त्या वेळचे नियम त्याच नाक्यावर विचारून घ्या, कारण ते मोसमागणिक बदलतात. पावसाळ्यात जिल्हाधिकाऱ्यांचा मनाई आदेश निघतो. तसा आदेश असेल तर गाडी लावून पुढचं बघू, हा विचार सोडून द्यावा.

एक गुण कापला तो पावसाळ्यातल्या जमिनीसाठी. जुलै-ऑगस्टमध्ये मुरूम टाकलेली अंगणं आधी भरतात आणि उशिरा येणाऱ्याला खाचराकडे बोट दाखवतात. रात्री हेडलाइटच्या उजेडात खाचर सपाट, कोरडं वाटतं. गाडी आत घालण्याआधी एकाने उतरून टॉर्च घेऊन चालत जावं आणि टाच जोरात दाबून बघावी. टाच बोटभर रुतली तर चाक वीतभर रुतणार. रात्रभर पाऊस पडला की पुढच्या चाकांखाली चिखलाचा लोणी होतो, आणि तिथून खरा गोंधळ सुरू होतो: ड्रायव्हर ॲक्सिलरेटर दाबतो, चाक जागच्या जागी फिरतं, खड्डा खोल होतो, गाडी पोटावर बसते. करायचं ते असं. फिरणाऱ्या चाकांच्या पुढून चिखल हाताने उकरून काढा, तिथे चपटे दगड आणि त्यावर पेंढा दाबून बसवा, स्टिअरिंग सरळ ठेवा, गाडी दुसऱ्या गिअरमध्ये घाला आणि क्लच अगदी हळू सोडा. पहिल्या गिअरचा जोर जास्त, म्हणून चाक तिथेच गरगरतं. ढकलणाऱ्यांनी चाकाच्या थेट मागे उभं राहू नये, दगड उडतो. पेंढा घेताना घरात विचारा. तो गुरांचा वर्षाचा चारा असतो.

खिरेश्वर: ५ पैकी साडेतीन

हे जुन्नर तालुक्यात. कल्याण-नगर रस्त्याने माळशेज घाट चढून आलं की खुबी फाटा लागतो, तिथून पिंपळगाव जोगा धरणाच्या कडेने पाचेक किलोमीटर आत गेलं की गाव. मुंबईकरांना हे सरळ पडतं, पुणेकरांनाही ओतूरमार्गे फार आडवाट नाही. नागेश्वराच्या जुन्या मंदिराकडे जाताना घरगुती खानावळी आणि त्यांच्या पुढची अंगणं आहेत. पाचनईपेक्षा गर्दी कमी, त्यामुळे निवड करायला वाव जास्त.

मग अर्धा गुण का कमी? चढाई तोलार खिंडीतून चार ते पाच तासांची आहे. उतरायला उशीर होतो, आणि अंधारात गावात आलेल्या माणसाला आपली गाडी नेमक्या कुठल्या अंगणात आहे हे आठवत नाही. पहाटे झोपेत लावलेली असते ना! लावल्या लावल्या दोन फोटो काढा: एक गाडीसकट घराचा, दुसरा रस्त्यावरून दिसणाऱ्या वळणाचा. घरमालकाचा नंबर घ्याच, पण कागदावर लिहून घ्या, कारण रविवारी संध्याकाळी फोनमध्ये चार्जिंग असेलच असं नाही.

धरणाच्या बाजूला मोकळं मैदान दिसतं आणि तिथे तंबूवाल्यांच्या गाड्याही उभ्या असतात. रात्रभर गाडी सोडायला ती जागा घेऊ नका. वस्ती लांब आहे, वारा मोकाट आहे, आणि पाण्याकाठची माती वरून कडक आणि आतून मऊ असते.

घाटात चहाला थांबलात तर काचा पूर्ण वर करा. माळशेजची माकडं उघड्या खिडकीतून पिशवी नेतात, आणि खाण्याचा वास असलेल्या गाडीच्या वायपरचं रबरही ओढून काढतात.

बेलपाडा: ५ पैकी तीन

नळीच्या वाटेने, म्हणजे दगडधोंड्यांच्या उभ्या घळीतून, गडाच्या कोकणकड्याला भिडणारे इथून निघतात. मुरबाड तालुक्यातलं, माळशेजच्या खालच्या अंगाचं हे गाव. गाडी ठेवायला घरं आहेत, माणसं मदतीची आहेत, त्याबद्दल तक्रार नाही. अडचण भूगोलाची. नळीने चढलेला माणूस सहसा नळीने उतरत नाही. तो पाचनईला किंवा खिरेश्वरला उतरतो आणि गाडी घाटाखाली राहते.

यावर उपाय तीन. पहिला, खिरेश्वरला उतरायचं, जीपने किंवा चालत खुबी फाट्याला यायचं आणि कल्याणकडे जाणारी एसटी पकडून घाट उतरायचा. घाटाखाली बेलपाड्याच्या फाट्यावर उतरायचं आणि तिथून गावापर्यंतचं अंतर बेलपाड्याच्याच घरमालकाच्या दुचाकीवर. हे शनिवारीच ठरवून ठेवा: ‘काका, रविवारी चारच्या सुमारास फाट्यावर उतरू, कुणाला तरी पाठवाल का?’ एवढं बोलणं झालं असेल तर काम होतं. रविवारी संध्याकाळी फाट्यावर उभं राहून फोन लावत बसलात तर अंधार होतो. दुसरा उपाय, दोन गाड्या असतील तर एक आदल्या रात्री खिरेश्वरला ठेवायची. यात एक चूक हमखास होते: खिरेश्वरच्या गाडीची किल्ली बेलपाड्याच्या गाडीत राहते. निघण्याआधी दोन्ही किल्ल्या हातात घेऊन सगळ्यांना दाखवा, हसू आलं तरी. तिसरा उपाय, गाडी न्यायचीच नाही, कल्याणहून एसटीने जायचं. नळीच्या वाटेसाठी आमचं मत याच्याच बाजूने आहे. नळीने चढून पाचनईला उतरायचा बेत असेल तर तिसरा उपाय सोडून बाकीचे विसरा, पाचनईहून बेलपाड्याला येताना सगळ्या डोंगराला वळसा पडतो.

हेच गणित राजगड-तोरणा जोडून करणाऱ्यांना लागू आहे. गाडी तोरण्याच्या पायथ्याला वेल्ह्यात ठेवावी, सकाळी तिथून जीप ठरवून राजगडाच्या पायथ्याला गुंजवण्याला जावं आणि तोरणा उतरून गाडीपाशी यावं. गाडी शेवटाला असलेली बरी. दमलेल्या पायांनी रविवारी वाहन शोधायला नको.

कुठेही लावलीत तरी

गाडीचं तोंड बाहेरच्या रस्त्याकडे करूनच लावा. पहाटे पाच गाड्या असलेल्या अंगणात दुपारी पंधरा होतात. घरमालकाला निघण्याची वेळ सांगा. ‘दादा, उद्या दोनपर्यंत निघू’ असं सांगितलं की तो तुमच्यासमोर रात्रीच्या मुक्कामाची बस लावू देत नाही. नाही सांगितलं तर त्या बसचा ड्रायव्हर नेमका जेवून झोपलेला असतो.

पावसात गाडी रात्रभर हँडब्रेक ओढून ठेवू नये. मागच्या ड्रममध्ये पाणी गेलेलं असतं, गंज धरतो आणि ब्रेक शू ड्रमला चिकटतो. सकाळी गाडी हलते, मागचं चाक घासत येतं. शेवटच्या शंभर मीटरवर ब्रेक हलके दाबत आलात तर ड्रम बराच सुकतो. सपाट जागी गाडी गिअरमध्ये ठेवून चाकाला दगड लावला की पुरे. तोंड चढाला असेल तर पहिला गिअर, उताराला असेल तर रिव्हर्स. दगड पाचरीसारखा हवा आणि टायरला टेकलेला हवा. गोल गोटा गाडीबरोबरच घरंगळतो. ऑटोमॅटिक गाडी असेल आणि जागा उताराची असेल तर जागाच बदला.

डिसेंबर ते मे वाळलेल्या गवतावर गाडी लावू नका. घाट चढून आलेल्या गाडीचा सायलेन्सर आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टर इतके तापलेले असतात की खाली टेकलेलं गवत पेटू शकतं. नव्या डिझेल गाडीचं डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारी गाळणी, साफ होण्याचं चक्र चालू असेल तर धोका आणखी मोठा. सारवलेलं अंगण किंवा उघडा मुरूम बघा. झाडाखालची सावली मोहक असते, पण वळवाच्या दिवसांत फांदी मोडते आणि जूनमध्ये जांभळाखाली लावलेली पांढरी गाडी पांढरी राहत नाही.

भातकापणीनंतर, ऑक्टोबर-नोव्हेंबरात, उंदरांचा त्रास होतो. गरम इंजिनाच्या उबेला ते येतात आणि वायरीचं आवरण कुरतडतात. पेंढ्याच्या गंजीपासून गाडी लांब ठेवणं हा सगळ्यात चांगला उपाय. डांबरगोळ्या टाकतात लोक, उपयोग थोडाच. आरसे मिटून ठेवा, बैल अंग घासतात. बॉनेटवर शेळी चढली तर तक्रार करू नका, अंगण तिचंच आहे.

दुचाकीचा साइड स्टँड मातीत टेकवायचा नाही, खाली तळहाताएवढा चपटा दगड घाला. रात्री पाऊस झाला की स्टँड रुततो आणि गाडी आडवी होते, तीन गाड्या ओळीत असतील तर तिन्ही. हँडल लॉक कराच, शिवाय दोन गाड्यांच्या चाकांतून एक केबल लॉक ओवून घ्या. हेल्मेट गाडीला न टांगता घरात ठेवायला द्या. बाहेर राहिलंच तर डोक्यात घालण्याआधी आपटून घ्या, विंचवाला तसली जागा आवडते.

गाडीत ठेवायचं ते कोरडे कपडे, चपला, दोन लिटर पाणी. लॅपटॉप आणलाच असेल तर तो सीटखाली ढकलण्यापेक्षा घरीच ठेवायला हवा होता. कॅम्पिंगचा गॅस कॅन आणि पॉवर बँक उन्हाळ्यात बंद गाडीत ठेवू नका; गॅसच्या कॅनवर पन्नास अंशांची मर्यादा छापलेली असते, बंद गाडी ती सहज ओलांडते. डॅशकॅम पार्किंग मोडवर चालू राहिला तर जुनी बॅटरी दोन रात्रींत बसते. तो बंद करा, आतला दिवा बघा, आणि जंपर केबल डिकीत असू द्या. बटणाची किल्ली झिपच्या पिशवीत ठेवा आणि दुसरी किल्ली गटातल्या दुसऱ्याकडे द्या. किल्ली गाडीत किंवा चाकावर लपवू नका. गाडी चोरीला गेली तर विमा कंपनी दोन्ही किल्ल्या मागते, आणि नुसता थर्ड पार्टी विमा असेल तर चोरीचे पैसे मुळात मिळतच नाहीत. ‘वाहने स्वतःच्या जबाबदारीवर लावावीत’ ही पाटी जवळपास प्रत्येक अंगणात असते, ती वाचूनच पैसे द्या.

परतल्यावर किल्ली फिरवण्याआधी एक फेरी मारा: चारही टायर, खाली तेलाचा डाग, चाकाखालचा दगड. बॉनेटवर दोन थापा मारा आणि वाकून खाली बघा. सावलीला बसलेली कोंबडी स्वतःहून उठत नाही, आणि तिची किंमत पार्किंगच्या पावतीत धरलेली नसते.